अळणी चैत्र

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला प्रेमबाईंचं किराणा दुकान. उन्हाळा लागला, की आख्ख्या गल्लीच्या पापडाचं पीठ आधी त्यांच्या जिभेवर यायचं. मीठ किती, पापडखार किती, ते त्या तळहातावर घेऊन सांगत. तराजू बिचारा कोपऱ्यात. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा तोरा काय विचारता! शेजारची पुष्पाबाई, दहा एकरांची मालकीण, तीसुद्धा परात घेऊन त्यांच्या पायरीवर निमूट बसायची.

चैत्रात प्रेमबाई जैनांचं आयंबिलच्या ओळीचं व्रत करत. नऊ दिवस, एकच वेळ जेवण, तेही अळणी. तेल, तूप, दूध, साखर काही नाही. पाणी उकळून गार केलेलं. यंदा ऊन असं, की तांब्यावर तांबे रिते होत होते. ब्लडप्रेशरची गोळी मात्र रोज न चुकता. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून बजावलेलंच होतं. "देव अन् डॉक्टर यंदा एकच बोलून राह्यले," म्हणत बाई खूश.

सातव्या दिवशी दुपारी त्यांची माँ आली.

माँला जाऊन पन्नास वर्षं झालेली. राजस्थानात खाऱ्या तळ्याकाठचं ते माहेर, तिथली ओढणी तशीच डोक्यावर. गव्हाच्या पोत्याशेजारच्या स्टुलावर ती टेकली, मांडीवर परात. बाहेर ट्रक आवाज न करता तरंगत चालले होते. दुकानाची फरशी पांढरी होत होत पार तळ्यापर्यंत पसरली. माँनं मीठ चाखायला पिठाची गोळी पुढं धरली. "लूण बराबर है कांई?" प्रेमबाईंना चाखता येईना, व्रत होतं. त्या नुसत्या हसल्या. अगं बाई, काय ते सुख!

ओळी संपली. बाकीच्यांनी पारण्याला मीठ खाल्लं, प्रेमबाईंनी नाही. एवढं तपाचं फळ मिळालेलं, ते चिमूटभर मिठापायी कोण घालवणार? "आता बस कर," मुलगा श्रेणिक म्हणाला. त्यांनी ऐकलंच नाही. माँ रोज येत होती, रोज तेच विचारत होती. पाय कापसाचे झालेले, डोकं जड, घास नकोसा. घरचे आपले कौतुकानं सांगत, की बाई किती शांत झाल्या!

पुष्पाबाईला ती शांती पटली नाही. ती परात घेऊन आली, तर प्रेमबाईंनी पिठात खार घातला, मग पुन्हा घातला, मग तिसऱ्यांदा घातला. वर पुष्पाबाईलाच माँ म्हणाल्या.

"श्रेणिकभाऊ, हे तप न्हाई!" पुष्पाबाई ओरडली. "भाभीचं मीठ उतरलंय. उन्हाळ्यात मिठाचा खडा चाटला न्हाई, तर आमचा बैलबी भेलकांडतो. जल्दी गाडी काढा!"

अंबडच्या दवाखान्यात रक्त तपासलं. सोडियम एकशे सतरा. निदान एकशे पस्तीस तरी हवं. डॉक्टरीण चिडलीच. "मीठ कमी म्हणजे बंद नव्हे, आजी. ह्या गोळीनं लघवीतून मीठ जातं, त्यात तुम्ही एवढं पाणी प्यालात. रक्तातलं मीठ पातळ झालं, की पाणी मेंदूत शिरतं. मेंदूचा निरोप हातापायाला पोचायला मीठच लागतं. अजून दोन दिवस गेले असते, तर झटके आले असते."

"माझी माँ येते," प्रेमबाई पुटपुटल्या.

डॉक्टरीण खाटेवर वाकली. "ती आता यायची नाही," ती हळूच म्हणाली.

सलाईन थेंब थेंब, सावकाश चढवलं. घाईनं चढवलं तर तेही वाईट. जसजसं मीठ चढत गेलं, तसतसं तळं मागं सरलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याची भिंत नुसती भिंत होती, अन् बाहेर रस्त्यावरचे ट्रक कर्कश वाजत होते. नर्सनं खिचडी पुढं ठेवली. प्रेमबाईंनी ताटाकडं पाहिलं अन् लेकरासारख्या रडल्या. श्रेणिकनं घास उचलून धरला. पुष्कळ वेळानं त्यांनी तोंड उघडलं.

आठवड्यानं पुष्पाबाई नवी परात घेऊन पायरीवर हजर. "भाभी, बघा बरं."

प्रेमबाईंनी गोळी जिभेवर ठेवली. किती दिवसांनी ती चव! मग पुष्पाबाईकडं न बघता त्या पोत्याशेजारच्या रिकाम्या स्टुलाकडं वळल्या.

"बराबर है, माँ," त्या म्हणाल्या.

पुष्पाबाई घाबरून उठलीच. "भाभी! पुन्हा?"

"न्हाई गं," प्रेमबाईंनी डोळे पुसले. "तिनं विचारल्तं, तवा सांगायचं राह्यलं होतं."