गाडीचं डावं, माझं डावं

जुनी गाडी घरी दुरुस्त करायला काढली की सुटे भाग साठत जातात आणि त्याच्या दुप्पट वेगानं किस्से साठतात. सुटे भाग निदान डब्यात भरून ठेवता येतात. किस्से कुठं ठेवायचे? चार माणसं चहाला जमली की ते आपोआप बाहेर येतात. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत सुहासच्या गाडीचा विषय निघाला की चहा पुन्हा टाकावा लागतो!

सुहास माझा शेजारी. रिटायर झाल्यावर त्यानं एक लाल, दोन सीटची, कापडी छपराची विलायती स्पोर्ट्स कार घेतली. वयानं जवळजवळ आमच्याएवढी. दिसायला देखणी, पण तिला एक खोड होती. स्टिअरिंग सरळ धरलं तरी ती डावीकडे ओढायची आणि मागचा भाग तिरका टाकत चालायची.

पहिल्याच रविवारी सुहास बायकोला, म्हणजे वृंदावहिनींना, फिरायला घेऊन गेला. गंगाधामच्या चौकात सिग्नलला एक रिक्षावाला शेजारी येऊन थांबला. त्यानं आधी गाडीकडं पाहिलं, मग सुहासकडं.

"काका, तुम्ही कुठं निघालाय अन् गाडी कुठं निघालीय?"

वहिनी शांतपणे उतरल्या, त्याच रिक्षात बसल्या आणि घरी आल्या! संध्याकाळी सुहासला एवढंच म्हणाल्या, "अहो, ती सरळ चालायला लागली की बोलवा मला."

त्यानंतर सुहास शेजारची सीट रिकामी ठेवून कोपऱ्यापर्यंत एकटाच चक्कर मारून यायचा. मला खरंच वाईट वाटायचं. त्या माणसाला गाडीची हौस होती, पण ती एकट्यानं करायची हौस नव्हती.

*

व्हील अलाइनमेंटवाल्याच्या मशीनला या गाडीचं नावच माहीत नव्हतं. तेव्हा काम घरी, पार्किंगमध्ये करायचं ठरलं. सुहास, मी आणि आमचा तिसरा मित्र सलीम. सलीमची मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत. गाड्यांतलं सलीमला आणि मला सारखंच कळायचं, म्हणजे काहीच नाही.

सुहासनं समजावलं. मागच्या चाकाचा दांडा चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथं बोल्टनं धरलेला असतो, तिथं पातळ पत्र्या असतात. पत्री काढली की चाक एका बाजूला वळतं, घातली की दुसऱ्या.

"कुठल्या बाजूला?" सलीमनं विचारलं.

"तेच तर बघायचंय," सुहास म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

पहिला घोटाळा लगेच झाला. सुहास खालून ओरडला, "डावं चाक धर!" मी गाडीच्या मागं उभा होतो, मी माझं डावं धरलं. सलीम पुढून आला, त्यानं त्याचं डावं धरलं. सुहास उताणा पडलेला, त्याचं डावं आणखी निराळं!

"अरे, माझं डावं नाही, गाडीचं डावं!"

"गाडी उभी आहे का पडलीय तुझ्यासारखी?" सलीम म्हणाला.

मग सलीमनंच तोड काढली. डावं-उजवं म्हणायचंच नाही. एक चाक मार्केट यार्डाच्या बाजूचं, दुसरं कोंढव्याच्या बाजूचं. कसं सोपं! त्या दिवशी काम झकास झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासनं गाडी धुतली आणि परत लावताना तोंड फिरवून लावली. आम्ही ठरल्याप्रमाणे मार्केट यार्डच्या चाकाची पत्री काढली. सुहास चक्कर मारून आला तो घामाघूम.

"अरे, आता ही निव्वळ आडवी चालतेय!"

मग सलीमनं कपाळावर हात मारला. कालचं मार्केट यार्ड आज कोंढव्याला गेलं होतं!

*

चाक किती वाकडं आहे हे मोजायला गाडीच्या दोन्ही अंगांनी दोरी ताणतात. दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर मोजायचं, की चाक किती वळलंय ते कळतं. आम्ही दोऱ्या बांधायला भरलेले गॅस सिलिंडर वापरले. दोऱ्या गाडीला समांतर लावता लावता सकाळ गेली. मग आम्ही वर चहाला गेलो.

खाली आलो तर कोंढव्याच्या बाजूच्या दोरीवर आमच्या सोसायटीतल्या मोघेकाकूंचे पंचे, उशांचे अभ्रे आणि एक भलीमोठी चादर!

सुहास धावला. "काकू, ही... ही मापाची दोरी आहे हो!"

काकू चिमटे लावत होत्या. "अशी मोकळी दोरी दिसल्यावर लोकांनी काय समजायचं?" मग चादर झटकत म्हणाल्या, "आणि ढिली बांधलीय. जरा ताणून बांधत जा."

सुहासनं पुन्हा माप घेतलं. काकूंचं बरोबर होतं, दोरी ढिली होती.

*

सुहासचा मुलगा निखिल खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. तिकडेच फ्लॅट घेऊन राहतो. एकदा सुहासनं त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पत्र्या काढून-घालून आता गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालत होती आणि मूळ पत्र्या कुठं होत्या ते कुणालाच आठवत नव्हतं.

निखिलनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाबा, सिंपल आहे. अन्डू करा ना!"

सुहासनं फोन ठेवला. आणि गंमत सांगतो, आम्ही तिघंही थोडा वेळ खरोखर विचार करत बसलो होतो, की पत्रीला अन्डू कसं करतात!

*

चैत्र-वैशाखातली गोष्ट. गच्चीवर सोसायटीभरच्या कुरड्या, पापड, सांडगे वाळत पडलेले. खाली आमचं काम चालू. मागच्या चाकांची पुढची कड किंचित आत हवी असते, एवढं एव्हाना मलाही पाठ झालं होतं. मी आणि सलीम चाक रेटत होतो आणि सुहास खालून बोल्ट आवळत होता.

"आत घ्या! अजून आत! लवकर आत घ्या!"

पार्किंगमध्ये आवाज घुमतो. वरून धडाधड दारं उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यात पळापळ. काय झालं कळेना. आग लागली की काय म्हणून मी बाहेर आलो, तर सगळ्या बायका गच्चीवरून कुरड्यांच्या चादरी गोळा करून खाली पळतायत!

मोघेकाकू धापा टाकत आमच्यापाशी आल्या. "कुठाय पाऊस?"

"पाऊस नाही काकू," सलीम म्हणाला, "चाक."

काकूंनी ऊन पाहिलं, चाक पाहिलं आणि हातातल्या मोडलेल्या कुरड्या पाहिल्या. "मग काय आत घ्यायचं ते आधी म्हणत जा!"

*

मग सुहासनं कुठंतरी वाचलं की माप घेताना गाडीत माणसांचं वजन हवं. तो स्वतः गाडीखाली, आम्ही चाकाशी. बसणार कोण? सलीमनं टेम्पोतून कांद्याची पोती आणली. एक ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, एक शेजारी.

पाच मिनिटांत पिशव्या घेऊन लोक हजर. "कांदा कसा?"

"विकायचा नाही," सलीम म्हणाला. "फिरायला निघालाय!"

लोक निघून गेले, पण सुहासचं समाधान होईना. एका पोत्यानं शेजारची बाजू पुरेशी दबत नव्हती. तो गाडीखालून, पडल्या पडल्याच ओरडला, "वृंदा! अगं, तुझं वजन किती गं?"

सगळ्या सोसायटीचे मिक्सर बंद झाले. वहिनी गॅलरीत आल्या.

"का हो?"

"नाही, पोतं एक ठेवू की दीड?"

मी आणि सलीमनं एकमेकांकडं पाहिलंच नाही. सुहास बिचारा अजून उत्तराची वाट पाहत खालीच पडलेला.

वहिनी खाली आल्या. हातात मटारच्या शेंगांची परात. "भावजी, कांदे उतरवा," मला म्हणाल्या. मी पोतं उतरवलं. वहिनी सीटवर बसल्या, परात मांडीवर घेतली आणि शेंगा सोलायला लागल्या.

"पण वृंदा, तू तर म्हणाली होतीस..." खालून आवाज.

"उभ्या गाडीत बसायला माझी ना नव्हती. तुमचं चालू द्या."

मटार संपले तरी सुहासचं माप संपेना. एरवी दोनदा मोजणारा माणूस त्या दिवशी तेच तेच अंतर पुन्हा पुन्हा मोजत राहिला. रात्रीचं जेवण मात्र त्याला आमच्याकडेच मिळालं!

*

शेवटी एका रविवारी सुहास एकटाच चक्कर मारून आला. गाडीतून उतरेना. "हात सोडले," तो म्हणाला, "तरी सरळ!" कुठल्या पत्रीनं काम केलं, हे त्याला सांगता येईना. मला तर नाहीच.

त्याच दिवशी निखिलनं दोघांना खराडीला जेवायला बोलावलं होतं. वहिनी पर्स घेऊन खाली आल्या आणि शेजारी बसल्या. गाडी गेटबाहेर पडून दिसेनाशी होईपर्यंत मी आणि सलीम बघत उभे होतो. रस्ता साधा. हडपसरपर्यंत जायचं, तिथून डावीकडं वळून मुंढव्यावरून खराडी.

दुपारी निखिलचा फोन. "काका, आईबाबा निघाले ना? जेवण गार झालं. दोघंही फोन उचलत नाहीयेत."

मी सलीमला हाक मारली. बोल्ट सुहासनं आवळले होते, पण चाक तर आम्हीच रेटलं होतं! सलीमनं टेम्पोची किल्ली काढली. मी सुहासला फोन लावत राहिलो. मग वहिनींना लावला. कितीतरी वेळानं त्यांनी उचलला. मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"वहिनी, कुठं आहात?"

"यवतला."

"यवतला? सोलापूर रोडला? अहो, हडपसरला डावीकडं वळायचं होतं!"

"हो, हे वळवतच होते. मीच म्हटलं, नका वळवू."

"यवतला काय आहे?"

"काही नाही."

"मग?"

मागून सुहासच्या हसण्याचा आवाज आला.

"रस्ता सरळ आहे हो, भावजी."