सतरंजीच्या बाहेर

सतरंजी माझ्या अंगावर होती आणि तिच्या कडा मित्रा बाहेरून दाबून बसली होती. आत अंधार आणि धुळीचा वास. बाहेर माश्यांचा आवाज, चक्कीचा पट्टा भरधाव फिरावा तसा, पण चारी बाजूंनी. लोक पळत होते, खुर्च्या पडत होत्या, कोणाचं तरी लेकरू रडत होतं. मला पळता येत नाही, माझे गुडघे केव्हाचेच गेले आहेत. मी आतून म्हणाले, "मित्रा, आत ये. जागा आहे." ती लगेच बोलली. धडा समजावून सांगताना बोलायची त्याच आवाजात बोलली.

"मी आत आली त त्याही आत येतीन, आजी. माह्या केसात आहेत. तू हालू नको. चूप राह्य."

मी हलले नाही. काही वेळाने सतरंजीच्या कडेवरचा तिचा हात सैल झाला. ती मात्र तिथून उठली नाही.

ही पोरगी कोण होती ते सांगते. नाव संघमित्रा, पण गावात सगळे मित्रा म्हणायचे. कळंबहून यवतमाळच्या वाटेला लागलं की आत एक फाटा जातो, तिथलं आमचं गाव. माझ्या आणि तिच्या घराची भिंत एकच. तिचा बाप देवराव पिठाची चक्की चालवतो. चक्कीच्या आवाजाने त्याचे कान गेले, त्यामुळे त्याच्याशी हातवारे करून बोलावं लागतं. आई रंजना लग्नाआधी एका आश्रमशाळेत तात्पुरती मास्तरीण होती. बोलायला कमी, ठरवलं ते करायला पक्की.

गावातली शाळा चौथीपर्यंत. मीही तिथेच चौथी शिकले आणि मग शेतात तण निंदायला, कापूस वेचायला जाऊ लागले. मित्राला पाचवीला कळंबच्या शाळेत घातलं. काही महिने ती एसटीने गेली. रोज संध्याकाळी ताप घेऊन यायची, जेवायची नाही, काय झालं ते सांगायची नाही. एक दिवस रंजना तिच्यासोबत गेली आणि दिवसभर वर्गात मागे बसून राहिली. तिने तिथे काय पाहिलं ते तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही. घरी येऊन दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, आता मीच शिकवते.

मी तोंडावर बोलले, "घरी राहून पोट्टी काय शिकन? चूल न पोळ्या." गाव माझ्यापेक्षा जास्त बोललं. दळण घेऊन आलेले लोक देवरावला विचारायचे की पोरगी घरी बसवली, आता लग्न करून टाकतो काय. त्याला ऐकू येत नव्हतं, पण लोकांची तोंडं पाहून त्याला कळायचं. तो मान खाली घालून डब्यात पीठ भरत राहायचा. असं बरीच वर्षं चाललं.

मित्राचा दिवस ठरलेला असायचा. उठली की अंगण झाडायची, आंघोळ करून बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आणि वंदना म्हणायची. मग बापाला चक्कीवर मदत. तिथून भुवया पांढऱ्या करून यायची आणि तशीच ओट्यावर पुस्तक घेऊन बसायची. तिचे धडे मला भिंतीतून ऐकू यायचे. हृदयाचे कप्पे, नद्यांची नावं, आणि कसलीशी गणितं, ज्यात आकड्यांच्या जागी अक्षरं असत. आल्यागेल्याने विचारलं की कोणत्या वर्गात आहेस, तर म्हणायची, "ज्या धड्यावर अडली त्या वर्गात." पाहुण्यांना ते उर्मटपणाचं वाटायचं. मलाही आधी वाटलं. मग लक्षात आलं की ती खरं तेच सांगते आहे.

मलाही ती वाचायला बसवायची. जोडाक्षर आलं की मी अडायची. ती दुरुस्त करायची नाही, नुसती थांबून राहायची. त्याची मला जास्त लाज वाटायची, म्हणून मी लवकर शिकले.

ती देवी होती असं मला सांगायचं नाही. चिडायची. आईशी धुसफुस करून जेवणाचं ताट सरकवायची. गाणं अजिबात येत नव्हतं, तरी विहारात सगळ्यात मोठ्याने म्हणायची. कच्च्या चिंचा खाऊन दात आंबवून घ्यायची आणि मग भाकर चावत नाही म्हणून माझ्याकडे दूध मागायला यायची.

वंदनेच्या बाबतीत मात्र तिचं वेगळं होतं. आम्ही सगळे पंचशील एका दमात म्हणतो, तोंडाला सवय आहे. ती प्रत्येक शीलानंतर थांबायची. लहान होती तेव्हा तिने विहारातल्या म्हाताऱ्यांना विचारलं की पहिल्या शीलात प्राण्याची हत्या करणार नाही असं म्हणतो, त्यात मुंगी येते काय. एकाने हो म्हटलं, एकाने तेवढं कुठे जमतं म्हटलं. ती म्हणाली, "मंग ज्याले जमत नाही त्यानं हळू म्हनावं." म्हातारे हसले, पण त्यानंतर ती समोर बसली की जरा हळूच म्हणायचे.

आमच्या घरांच्या बाजूलाच विहार, त्याच्या अंगणात मोठा पिंपळ आहे. तूर फुलायला लागली की त्याच्या एका फांदीला आग्यामोहोळ लागतं आणि ऊन तापलं की माश्या निघून जातात. मित्राला त्याचं वेड होतं. दुपारी विहाराच्या पायरीवर उताणी पडून वर पाहत राहायची. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने माश्या काढायची, पंखाच्या रेघांसकट. मी म्हणायची, अगं काहीतरी खाऊन घे, तर तिचं ठरलेलं, "थांब आजी, आधी पाहू दे." घरात साप निघाला तरी तेच, शेजारी भांडण लागलं तरी तेच. आधी पाहू दे.

चार हिवाळ्यांपूर्वी माघ पौर्णिमेच्या कार्यक्रमाआधी गावच्या तरण्या पोट्ट्यांनी मोहोळ जाळायचं ठरवलं. बांबू आला, पोती आली, डिझेल आलं. लेकराबाळांची जागा आहे, कोणाला चावलं म्हणजे, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. मित्रा आईला घेऊन विहाराच्या बैठकीत गेली. मी तिथेच होते. ती म्हणाली की माश्या उगाच कोणाच्या अंगावर येत नाहीत, धूर झाला की येतात. अगरबत्ती विहाराच्या आत लावू, मेणबत्त्या पायरीवर, भोंगा रस्त्याकडे तोंड करून. अध्यक्ष म्हणाले, झाड विहाराचं आहे.

"झाड त्याइचं आहे, काका," मित्रा म्हणाली. "आपन सावलीले बसतो."

कोणीतरी विचारलं की काही झालं तर जबाबदारी कोणाची. ती म्हणाली, "माही." तिच्या आईने तिच्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही. मोहोळ राहिलं. त्या वर्षी काही झालं नाही, आणि गावात एक नियम पडून गेला. पिंपळाखाली अगरबत्ती नाही. परगावचं कोणी पुडा काढला तर लहान पोरंही हात धरायची.

गेल्याच्या आधीच्या माघात ती बारावी पास झालेली होती. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देता येते, ती तिने यवतमाळला जाऊन दिली होती आणि निकाल चांगला लागला होता. पुढे शेतीच्या कॉलेजात जाऊन किड्यांचं शिकायचं तिने ठरवलं होतं. विहार समितीने माघ पौर्णिमेला तिचा सत्कार ठेवला. शाळेशिवाय पास झालेली पोरगी पाहायला आजूबाजूच्या गावांतल्या बायाही आल्या. विहारात जागा पुरेना, म्हणून सतरंज्या पिंपळाखाली घातल्या. सकाळी मित्राने वर पाहिलं आणि मला म्हणाली, "शांत आहेत." अगरबत्ती आत, मेणबत्त्या पायरीवर, भोंगा रस्त्याकडे. सगळं तिने सांगितलं होतं तसं.

पण गावाच्या डोक्यात माश्यांचा नियम म्हणजे अगरबत्तीचा नियम एवढंच बसलं होतं. फटाक्यांचं कोणी कधी बोललंच नव्हतं, कारण विहाराच्या अंगणात फटाके कोणी कधी फोडलेच नव्हते. देवराव आदल्या दिवशी कळंबला जाऊन फटाक्यांची लड घेऊन आला होता. रंजनालाही त्याने सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मान खाली घालून पीठ भरलेला माणूस तो. पोरीचं नाव पुकारलं की वाजवायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

नाव पुकारलं. मित्रा उठली. मी सतरंजीच्या टोकाला पाय पसरून बसले होते, तिथून फाटक दिसत होतं. देवरावने फाटकाच्या खांबाला लड अडकवली होती आणि काडी पेटवत होता. मित्राने ते सगळ्यांच्या आधी पाहिलं. तिने दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "बाबा, नको." त्याला ऐकू येत नाही. त्याला फक्त हात दिसले. लोक टाळ्या वाजवत होते, पोरगी लाजते आहे असं त्याला वाटलं. तो हसला. त्याला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसत हसत त्याने लड लावली.

धूर सरळ झाडात गेला. फांदीवरचं काळं मोहोळ एकदा थरथरलं, ओलं लुगडं झटकावं तसं, आणि सुटलं.

लेकरं आणि बाया विहारात घुसल्या आणि आतून दार लावलं गेलं. रंजना आत अडकली, ती बाहेर येण्यासाठी दार बडवत होती आणि बाया तिला धरून होत्या. मित्रा दाराच्या जवळ होती. तिला आत जाता आलं असतं. ती उलटी फिरली, सतरंजीचं दुसरं टोक उचललं आणि माझ्या अंगावर टाकलं. पुढचं मी सांगितलंच आहे.

सतरंजी काढली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू आला नाही. ड्रेस ओळखला. देवराव तिला कवेत घेऊन बसला होता आणि त्याच्यावरही माश्या होत्या, तो त्यांना झटकत नव्हता. टेम्पोत घालून दोघांना कळंबला नेलं. ती वाटेतच गेली. त्याला नंतर यवतमाळला हलवलं.

तो घरी आल्यावर त्याला कोणी दोष दिला नाही.

तिच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत पोट्टे पुन्हा बांबू, पोती, डिझेल घेऊन आले. आधी ते देवरावच्या दारात गेले. पोरगी त्याची, तर आग पहिल्यांदा त्याने लावावी असं त्यांना वाटलं. मी माझ्या ओट्यावर होते. रंजना दारात उभी होती. पोट्ट्यांनी हातवाऱ्यांनी त्याला समजावलं, झाड दाखवलं, बांबू हातात दिला. त्याच्या तोंडावरची सूज अजून उतरली नव्हती. त्याने बांबूच्या टोकाला गुंडाळलेलं पोतं नीट पाहिलं. बहिरा माणूस मोठ्याने बोलतो, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"एकडाव लावली मी."

बांबू त्याने परत दिला. पोट्टे सामान घेऊन गेले. त्यानंतर मोहोळ जाळायची गोष्ट कोणी काढली नाही.

उन्हं तापल्यावर माश्या आपल्या आपण निघून गेल्या. रिकामं पोळं पावसात गळून पडलं. मला वाटलं, संपलं. दिवाळीनंतर एका सकाळी मी भिंतीला टेकून तूर निवडत होते आणि भिंतीत घरघर ऐकू आली. देवरावने चक्की सुरू केली असं वाटलं. मग आठवलं की सकाळपासून लाईट नाही, घरघर पिंपळावरून येत होती. निवडायचं ठेवून दिलं आणि बसून राहिले.

संध्याकाळी देवराव ओट्यापाशी आला. उभ्याउभ्याच विचारलं, "आल्या काय व मावशी?"

मी मान हलवून हो म्हटलं. तो गेला आणि पिंपळाखाली वर पाहत उभा राहिला. बराच वेळ उभा होता. यंदाही विचारायला आला. त्याला ऐकू येत नाही, म्हणून मी सांगते. दुसरं कोणी सांगावं असं त्याला वाटत नाही, आणि रंजनाला तो विचारत नाही.

अगरबत्तीचा नियम गावाने अजून पाळला आहे. कार्यक्रम आता विहाराच्या आत होतात, मावतील तेवढे लोक बसतात. थंडीत मी तोंडावरून गोधडी घेत नाही. घेतली की बाहेरून कोणी कडा दाबून धरल्यासारखं वाटतं, आणि मी हालायचं बंद करते. मग बराच वेळ तशीच पडून राहते, कारण तिने सांगितलं होतं.

लोक मला म्हणतात, पोरीने तुझ्यासाठी जीव दिला. माझ्या जागी दुसरं कोणी बसलेलं असतं तर तिने त्याच्यावर सतरंजी टाकली असती. ती जागा माझी होती, एवढंच. त्या दिवशी पिंपळाखाली सगळ्यात म्हातारी मी होते. मला एकही माशी चावली नाही.