हाफिजसाबांचा समोरचा दात

दात उपटून मी कधी थकलो नाही. थकलो ते दात भरून घ्या म्हणून लोकांची मनधरणी करून. निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. धाराशिवला माझं लहानसं दुकान होतं आणि दर बाजारच्या दिवशी लोहाऱ्याला फेरी असायची. पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र मोटारीच्या टपावर बांधून न्यायचं नि बाजाराजवळच्या एका पडवीत खुर्ची मांडायची. लोक यायचे, तोंड उघडायचे नि म्हणायचे, काढून टाका. भरता येतो म्हटलं की संशयानं बघायचे. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून ठणका थांबवावा, तर आठ दिवसांनी परत या हे कुणाच्या कानात शिरायचं नाही. यायचे ते गाल सुजवूनच. दिवसभर यंत्राला पाय मारून पोटऱ्या भरून यायच्या, वर ही बडबड. अगदी जीव विटून गेला होता.

म्हणून हाफिजसाब आले तेव्हा मला फार बरं वाटलं. साठीचा, स्वच्छ कपड्यातला, हळू बोलणारा माणूस. रमजानात लोहाऱ्याच्या मशिदीत रात्रीच्या नमाजाला सगळ्यांच्या पुढं उभं राहून सगळं कुराण तोंडपाठ म्हणायचं काम कैक वर्षं त्यांच्याकडं होतं. वरच्या समोरच्या दोन दातांपैकी एकाला कडेनं कीड लागली होती. काही अक्षरं जिभेचं टोक त्या दातांच्या कडेला लागल्याशिवाय निघतच नाहीत, असं त्यांनी मला समजावलं. दात गेला तर अक्षर बिघडणार, आणि बिघडलेल्या अक्षरानं पुढं उभं राहणं त्यांना स्वतःलाच पटणार नव्हतं. रमजानला दोन महिने होते.

"डाक्टरसाब, एवढा वाचवा," ते म्हणाले.

वाचवा म्हणणारा माणूस मला किती दिवसांनी भेटला होता! मी हरखून गेलो. समोरच्या दाताला चांदी चालत नाही, काळी दिसते. तिथं पांढरं सिमेंट लागतं. त्याची पूड नि औषधी पाणी काचेवर घोटायचं. उन्हाळ्यात काच तापलेली असली की घोटता घोटताच त्याचा दगड होतो, म्हणून काच आधी माठाच्या पाण्यात बुडवून गार करायची नि कोरडी पुसायची. भरताना थुंकी लागली तर सगळं भुसभुशीत. हे सगळं मी त्यांना ऐटीत सांगत होतो. दात कोरून झाला, काच पुसून झाली, आणि रोजचं ठरलेलं वाक्य माझ्या तोंडून गेलं.

"एकदा भरला की आत पाण्याचा थेंब जायचा न्हाय, हाफिजसाब."

त्यांनी मिटलेले डोळे उघडले. थेंबभरसुद्धा नाही का, म्हणून विचारलं. मी मूर्ख, छाती फुगवून म्हणालो, थेंबभरसुद्धा नाही.

ते खुर्चीवरून उठलेच. त्यांच्यात पाक, म्हणजे शुद्ध, होण्यासाठी जी आंघोळ करतात तिच्यात तोंडाच्या आतही सगळीकडं पाणी पोचावं लागतं. पाणी कायमचं अडलं तर आंघोळ पुरी झाली की नाही? नाही झाली तर त्यांची नमाज कशी होणार, आणि मागं उभ्या राहिलेल्या सगळ्या माणसांची? मी नाना परीनं सांगितलं, हैदराबादेत मोठमोठे मौलवी दात भरून घेतात. त्यांनी ऐकून घेतलं. पण अशा बाबतीत माझ्या शब्दावर कसं जाणार? हैदराबादच्या एका जाणत्या आलिमांना, धर्मशास्त्राच्या पंडितांना, पत्र लिहून विचारतो म्हणाले. उत्तर येईपर्यंत फक्त बोळा.

कोरलेला दात तसाच उघडा राहिला. दर बाजारी मी विचारायचो, पत्र आलं का? ते नाही म्हणून मान हलवायचे. नमाजाआधी बोळा काढायचे, चूळ भरायचे, मग नवा ठेवायचे. दिवसातून पाच वेळा. दर खेपेला कीड मुळाकडं सरकलेली दिसायची. मला राग यायचा, त्यांचा, टपालाचा आणि सगळ्यात जास्त माझा. दात भरता येत होता, गप्प बसता येत नव्हतं. सातव्या बाजारी ते ओठ सुजवून आले. हिरडीतून पू येत होता. दात काढला. हाताला जोरसुद्धा लागला नाही. रक्त थुंकून त्यांनी हळूच एक अक्षर म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग उपरण्यानं तोंड पुसलं.

रमजान लागल्यावर मी लोहाऱ्याला गेलो तर ते पडवीत माझी वाट बघत बसलेले. पत्र आलं होतं. माझं शिक्षण उर्दू शाळेतलं, म्हणून मला वाचता आलं. दातात भरलेलं सिमेंट काढता येत नसेल तर त्याच्यावरून पाणी गेलं तरी पुरे आहे, बेशक भरून घ्या, असं लिहिलं होतं. मला वर बघवेना. घडी करून पत्र परत दिलं, तर त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्या कुणाला लागेल, तुमच्यापाशी ठेवा म्हणाले.

आता पुढं कोण उभं राहतं, म्हणून मी विचारलं. जळकोटचा एक तरुण हाफिज आणला होता. आवाज चांगला आहे म्हणाले. ते स्वतः त्याच्या अगदी मागं उभे राहत, कारण म्हणताना तो कुठं चुकला तर मागून बरोबर शब्द सांगायचं काम आता त्यांच्याकडं होतं.

"काल चुकला," ते म्हणाले. "शब्दात तेच अक्षर हुतं. म्या दोनदा सांगितलं. त्याला कळलंच न्हाय."