गारवालीचा दादा

माझी आत्या गाड्यांचे एसी दुरुस्त करते. गल्लीत तिला सगळे गारवाली म्हणतात. डोकं मात्र तिचं कायम तापलेलं. वीस वर्षांत तिनं परक्यांच्या शेकडो गाड्या गार केल्या, सख्ख्या भावानं एकदाही गाडी दाखवली नाही. आपल्याला काम येतं हे दादानं कबूल करावं, एवढीच तिची इच्छा. ती तिनं मला सांगितली. बाबांना सांगायची सोयच नव्हती.

मग बाबांच्या जुन्या गाडीतला जुना गॅस बाजारात मिळेनासा झाला आणि बाबा तिच्या गॅरेजात हजर. "अडला हरी," मी म्हणाले. म्हण पुरी केली असती तर आत्याचंच गाढव झालं असतं, म्हणून पुढचं गिळलं.

आत्यानं उरलेला गॅस मशीननं ओढून घेतला, जुनं तेल धुऊन काढलं, रबरी रिंगा आणि ओलावा टिपणारा ड्रायर बदलला. बाबा खुर्ची टाकून देखरेखीला बसले.

"नवा गॅस साडेआठशे ग्रॅम पुरतो, दादा."

"अगं, जुना एक किलो लागायचा. हात आखडू नकोस!"

"जास्त झाला तर गार होणार नाही."

"मला शिकवू नकोस. भर."

आत्यानं भरला एक किलो. वारा आला कोमट.

"बघ, कमी पडला. अजून घाल."

"घालते हं," म्हणत आत्यानं मशीनचं बटण दाबलं आणि दीडशे ग्रॅम गुपचूप काढून घेतला. मला डोळा मारला. पाच मिनिटांत गाडीत जाऊन बसलेल्या बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मी बसलो होतो म्हणून झालं!"

आत्याचा चेहरा पडला. मला इतका राग आला की मी बोलणारच होते, पण तिनं माझ्या पायावर पाय दिला. गॅस बदलला की बॉनेटखाली चिठ्ठी लावतात: गॅस कुठला, किती. तिनं खरा आकडा लिहून चिकटवली.

"दादा, बॉनेट तेवढं लाव. माझे हात तेलकट आहेत."

बाबांनी चष्मा चढवला. वाचलं. पुन्हा वाचलं. बॉनेट लावलं आणि गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी आत्या बाबांचं गॅरेजात राहिलेलं चष्म्याचं घर द्यायला आली, तेव्हा बाबा दाराकडे पाठ करून फोनवर होते. मित्राच्या गाडीचंही तेच दुखणं होतं.

"माझ्या बहिणीकडे ने," बाबा सांगत होते, "आणि तिथं तोंड उघडू नकोस. मी उघडलं होतं."