ज्येष्ठमधाऐवजी अक्कलकारा

लहानपणी मी अडखळत बोलायचो. आजही बोलतो, फक्त वय झाल्यामुळे लोकांना वाटतं मी विचार करून बोलतो. वाचा सुटावी म्हणून आई अक्कलकाऱ्याची मुळी सहाणेवर उगाळून मधातून माझ्या जिभेवर लावायची. जीभ अशी झिणझिणायची, अशी लाळ सुटायची, की शब्द मोकळे व्हायच्या आधी शर्टच ओला व्हायचा.

अंबरनाथचा माझा थोरला आतेभाऊ तेव्हापासून माझी नक्कल करतो. घरातल्या प्रत्येक कार्यात माईक त्याच्याच हातात. माझ्या लग्नातही त्यानं तेच केलं. माझी बायको सासरी पहिल्यांदा खळखळून हसली ती तेव्हा. हे मी विसरलेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात खरवईच्या हॉलवर पुतणीचा साखरपुडा होता आणि नेमका या आतेभावाचा, आमच्या दादाचा, घसा बसला होता. दातदुखीला अक्कलकारा, घशाला ज्येष्ठमध, असा मुळ्यांचा डबा मी खिशात बाळगतो. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडून भरून आणतो. सगळ्यांना ते ठाऊक आहे.

"अरे, ज्येष्ठमध दे ना जरा. आज तुझी मस्त खेचणारे."

मी अक्कलकारा दिला.

"गोड नाही लागत रे."

"जुना आहे, दादा. चावत राहा."

हे मी एकदाही न अडखळता बोललो.

दहा मिनिटांनी त्यानं माईक घेतला. "न-न-नमस्कार मं-मंडळी..." जीभ बधिर, हनुवटीवर लाळ, हात रुमाल शोधतायत. डोळ्यांत खरी भीती. चाळीस वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होतो.

आणि हॉल हसून लोटपोट झाला. सगळ्यांना वाटलं, माझीच नक्कल चाललीय. तो "प-पाणी" म्हणाला, त्यालाही टाळ्या पडल्या. शेजारी बायको डोळे पुसत म्हणाली, "अहो, आज अगदी डिट्टो तुम्ही."

रविवारी तो शिरगावला आमच्या घरी आला. भांडायला आला असेल म्हणून मी दार अर्धंच उघडलं.

"त्या दिवशीची काडी दे ना अजून. पुढच्या महिन्यात दोन हळदी आहेत."

"स-संपली," मी म्हणालो.

तो तिथेच दारात उभा राहून तसंच म्हणून बघायला लागला.