उष्टी भज्जी

आमच्या धंद्यात चमचा कायम खिशात असतो. दर पातेल्यातलं थेंबभर जिभेवर घ्यायचं, मग मिठामसाल्याचं बघायचं. पुण्यातल्या हॉटेलांत कांदे चिरण्यापासून वर चढले, तिथं ही सवय अंगात भिनली. पुढं परत येऊन जुळे सोलापुरात स्वतःचं छोटं हॉटेल काढलं. त्या त्या दिवसांत आसपासच्या रानात जे येतं तेच शिजवायचं, हा माझा हट्ट. घोळाची भाजी खायला हॉटेलात कोण येणार, म्हणून सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. यंदा त्याच हॉटेलासाठी मला पुरस्कार मिळाला. स्टेजवर मी म्हणाले, हे सगळं आईकडून शिकले. टाळ्या पडल्या. आई तेव्हा वैरागजवळच्या आमच्या गावात, चुलीकडं पाठ करून बसलेली होती.

तापातून उठल्यापासून तिला चवच कळत नव्हती. येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिनं स्वयंपाक सोडला तो सोडलाच. "जिभंला कळंना, मग कशाला रांधू? लोकांची तोंडं बिघडवाया?" वहिनी करेल ते निमूट खायची. तिला तसं बघून मला रडू यायचं आणि रागही यायचा.

येळवसला मी गावी गेले. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं सगळं घर शेतात जेवतं. आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. ओला हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या, सगळं एकत्र बेसन लावून शिजवायचं. यंदा भज्जी माझ्याकडं आली. मी अगदी जीव ओतून केली. उकळी फुटली आणि हात आपोआप खिशाकडं गेला. चाखलं, मीठ घातलं, पुन्हा चाखलं.

वहिनीचा उंडा हातातच राहिला. "अवो ताई, निवद दावायचाय की अजून."

नैवेद्याआधी चाखायचं नसतं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. पुरस्कार मिळवलेल्या बाईनं अख्खं पातेलं उष्टं करून ठेवलं होतं.

मी दुसरं पातेलं घेतलं, तेवढ्यात आई उठली. "सर तिकडं. तुझ्या हाताला खोड लागलीया, परत चाखशील." तिनं उरलेल्या भाज्या मुठीनं टाकल्या. मीठ तळहातावर घेतलं, जरा बघितलं, त्यातलं थोडं डब्यात परत टाकलं. ही भज्जी तिनं जन्मात कधी चाखून केली नव्हती. हे आधीच माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

शेतात नैवेद्य झाला, पंगत बसली. मी तिच्या भज्जीचा घास घेतला. लहानपणी खाल्लेली, तीच. ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"मीठ?"

"बरोबर आहे, आई."

"खरं सांग."

"तुझी शपथ."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मग ताट पुढं केलं. "आता तुझी वाढ."

"ती उष्टी आहे."

"तुझं उष्टं मला नवं हाय व्हय?"

ती सावकाश खात राहिली. मला राहवलं नाही, विचारलंच, "कशी झालीय?"

"चव न्हाय कळत गं. पण मऊ शिजलीया." तिनं बोटं चाटली. "उद्या आमटी मी टाकती. तू चाखून सांग."