खुर्चीवरची फळी

आमच्या गल्लीतले न्हावीमामा गाडीवरून पडले आणि डोक्याला मार लागला, तेव्हापासून त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक, तरी दर वेळी विचारतात, "नवीन हाय की तुमी? कुटं राहता?" वस्तरा मात्र माझ्या मानेवरच्या चामखिळीला आपोआप वळसा घालतो. डॉक्टर म्हणे सांगतात, हातांची आठवण डोक्यात निराळ्या जागी असते.

परवा मी दाढीला गेलो. मला बघताच मामांनी लहान पोरांना बसवायची फळी काढली, पुसली आणि खुर्चीच्या हातांवर आडवी टाकली. माझी मुलगी त्या फळीवर बसायची. ती वारल्यापासून आमच्या घरात तिचं नाव कुणी काढत नाही.

"ही कशाला टाकली मी?" मामा पुटपुटले आणि उचलायला वाकले.

"राहू द्या मामा, जरा वेळ," मी म्हणालो आणि उभाच राहिलो.